नक्शा पास झाला, आता बांधकाम सुरू करताना पुन्हा कळवावं लागतं का?

तुम्ही विचारलंय की, इंदूरला वडिलांनी घेऊन ठेवलेला 30 बाय 50चा प्लॉट आहे, तुम्ही पुण्यात असता, बांधकामाचा नक्शा नगर निगमातून पास झालाय आणि ठेकेदार म्हणतोय की आता कुणाला काही सांगायची गरज नाही, अक्षय्य तृतीयेला नारळ फोडू आणि जेसीबी लावू. तर हे बरोबर आहे का?

नारळ खुशाल फोडा. जेसीबी थांबवा.

आमचा ठेकेदारही हेच म्हणाला होता. "भाभीजी, नक्शा पास है तो टेंशन काहे का!" इंदूरमध्ये टेंशन कुणी घेतच नाही, त्यामुळे आम्हीही घेतलं नाही. ही 2017ची गोष्ट. राजेंद्र नगरच्या पुढे एका कॉलनीत आमचा 40 बाय 50चा प्लॉट. मुहूर्त झाला, चुना टाकला, कॉलमचे खड्डे खणले, दोन खड्ड्यांत फुटिंगही, म्हणजे कॉलमचा पाया, भरलं. तेराव्या दिवशी निगमाचे भवन निरीक्षक दारात. शेजारच्या काकांनी 181 वर, म्हणजे सीएम हेल्पलाइनवर, तक्रार केली होती.

त्यांनी पहिला प्रश्न नक्शाचा विचारलाच नाही. विचारलं ते हे, की काम सुरू केल्याची सूचना कुठे आहे? ह्यांनी ऐटीत मंजुरीचा कागद पुढे केला. निरीक्षकांनी तो उलटून अटींवर बोट ठेवलं. काम सुरू करण्याआधी कळवायचं, प्लिंथपर्यंत, म्हणजे जोत्यापर्यंत, आल्यावर कळवायचं, पूर्ण झाल्यावर कळवायचं. आमच्या घरात तो कागद चार जणांनी पाहिला होता, पण सगळ्यांनी फक्त शिक्का पाहिला.

परवानगी आणि सूचना या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. परवानगी म्हणजे "बांधू का?" आणि सूचना म्हणजे "उद्यापासून बांधतोय, येऊन बघा". पहिलीशिवाय तर इथे वीटच ठेवता येत नाही. मध्यप्रदेश नगर पालिक निगम अधिनियम 1956चं कलम 293 त्याबद्दलच आहे, आणि मंजूर नक्शाबाहेर गेलेलं काम पाडण्याचा अधिकार आयुक्तांना 307 मध्ये आहे. (इंदूरमध्ये पाडायला येणाऱ्या पथकाला सगळे 'रिमूव्हल गँग' म्हणतात. नाव ऐकलं की माणूस सरळ होतो.) बाकी मोजमापं, मोकळी जागा, उंची हे सगळं भूमि विकास नियम 2012 मध्ये. पण नियमांपेक्षा आमच्याकडे झालं काय ते ऐका, त्यातून सूचनेचा उपयोग कळेल.

आमच्या मिस्त्रीने बाजूची मोकळी जागा शेजाऱ्यांच्या कंपाउंडपासून मोजली होती. इथे तिला सगळे 'एमओएस' म्हणतात, तुमचा आर्किटेक्टही हाच शब्द वापरेल. आता काकांनी त्यांची भिंत वीस वर्षांपूर्वी स्वतःच्याच हद्दीत नऊ इंच आत बांधली होती. म्हणजे भिंत ही हद्द नव्हतीच. आम्ही ती हद्द धरली आणि आमचं घर नऊ इंच त्यांच्याकडे सरकलं. काकांना हे माहीत होतं, आम्हाला नव्हतं. त्यांनी येऊन सांगितलं असतं तर बरं झालं असतं, पण मागे आमचा वाळूचा ट्रक त्यांच्या तुळशी वृंदावनाला घासून गेला होता, तेव्हा त्यांची बाजूही समजू शकते.

काम तीन आठवडे बंद. दोन फुटिंग फोडून पुन्हा खणावी लागली. लोखंड, सिमेंट, बसून राहिलेल्या मजुरांची रोजी, सगळं आमच्याच खिशातून. आणि तरीही मी म्हणेन की आम्ही स्वस्तात सुटलो. चूक जमिनीखाली होती तोवर ती दोन फुटिंगांची चूक होती. स्लॅब पडल्यावर ती अख्ख्या घराची चूक झाली असती. कायद्यात 308-क खाली कंपाउंडिंग, म्हणजे पैसे भरून जादा बांधकाम नियमित करण्याची सोय आहे, पण ती ठरावीक मर्यादेतली आहे आणि शेजाऱ्याच्या जमिनीवर गेलेल्या कॉलमला तिचा काहीच उपयोग नाही.

दुसऱ्यांदा मात्र आम्ही प्लिंथ येताच कळवलं. निरीक्षक आले, टेप धरायला मला उभं केलं, पुढची, मागची, दोन्ही बाजूंची जागा मोजली, वीस मिनिटांत गेले. त्या वीस मिनिटांनंतर मला पहिल्यांदा नीट झोप लागली. पुढे काकांनी पुन्हा तक्रार केली असती तरी आमच्याकडे मोजणीची नोंद होती. (केली नाही. वास्तुशांतीला आले, श्रीखंड दोनदा घेतलं.)

आता तुमचं. तुम्ही पुण्यात, म्हणजे सगळं ठेकेदाराच्या भरवशावर. इथे नक्शे 'एबीपास' या ऑनलाइन प्रणालीतून होतात आणि सूचनाही आर्किटेक्टच्या लॉगिनमधूनच जाते. म्हणून ठेकेदाराला विचारत बसू नका, आर्किटेक्टला सांगा की सुरुवातीची सूचना भर आणि पावती मला व्हॉट्सऍपवर पाठव. अर्जात मोबाइल नंबर तुमचाच आहे ना, हेही बघा. आमच्या मावसभावाच्या अर्जात आर्किटेक्टच्या पोराचा नंबर होता, सगळे मेसेज त्यालाच जायचे. छापील प्रत घेऊन एकदा झोन कार्यालयातही दाखवून या, किंवा कुणाला पाठवा. जागेवर परवानगी क्रमांकाचा फलक लावा आणि मंजूर नक्शाची प्रत तिथेच ठेवा. निरीक्षक आले आणि नक्शा पुण्यात असेल तर बोलणंच खुंटतं. चुना टाकण्याआधी रजिस्ट्रीतल्या चतुःसीमेवरून हद्द काढून घ्या, भिंतीवरून नको. हे एवढं एक वाक्य आम्हाला कुणी वेळेवर सांगायला हवं होतं.

परवानगीची तारीखही बघून ठेवा. मुदत साधारण तीन वर्षांची असते. बरेच लोक नक्शा पास करून पैसे जमेपर्यंत थांबतात आणि मग जुन्या कागदावर काम सुरू करतात.

निगमाशिवायही दोन-तीन ठिकाणी सांगावं लागतं, ते ठेकेदार मुद्दामच सांगत नाहीत. वीज. शेजारच्या घरातून वायर ओढून मिक्सर चालवला की वीज कायद्यातल्या कलम 126 खाली शेजाऱ्यालाच बिल येतं, म्हणून टेम्पररी कनेक्शन आपल्या नावाने घ्या. प्लॉटवरून किंवा बाजूने 11 केव्हीची लाइन जात असेल तर ती आधी दाखवा. घर आणि तारेत आडवं 1.2 मीटर अंतर लागतं, आणि गॅलरी बाहेर काढताना ते हमखास विसरतं. बोअरिंग करायचं असेल तर उन्हाळ्याच्या आत करा, कारण पेयजल परिरक्षण अधिनियम 1986 खाली कलेक्टर इथे उन्हाळ्यात खाजगी बोअरवर बंदी घालतात आणि मग एसडीएमच्या (तुमच्याकडच्या प्रांताधिकाऱ्यांच्या) परवानगीशिवाय बोअरची गाडी उभी राहत नाही. अक्षय्य तृतीयेचा मुहूर्त नेमका त्यात सापडतो. कामगार उपकर खर्चाच्या एक टक्का असतो, तो आमच्याकडून परवानगीबरोबरच घेतला होता, तुमच्या पावतीत तपासा. मलबा रस्त्यावर टाकू नका, दंड लगेच होतो; स्वच्छतेचा पहिला नंबर असाच येत नाही. निगमाला कळवलं की पैसे घेऊन उचलून नेतात.

तुमचा प्लॉट नक्की निगमाच्या हद्दीत आहे असं धरून मी लिहिलंय. शेजारची 29 गावं आत आल्यापासून बराचसा बाहेरचा भाग हद्दीत आलाय, पण त्यापलीकडे असाल तर ग्रामपंचायत आणि डायव्हर्जन, म्हणजे शेतजमीन बिगरशेती करून घेणं, हा वेगळा विषय होतो. इंदूर विकास प्राधिकरणाच्या स्कीममधला लीजचा प्लॉट असेल तर त्यांची एनओसी लागते. आणि प्लॉट एखाद्या जुन्या गृहनिर्माण संस्थेचा असेल तर काहीही करण्याआधी नामांतरण वडिलांच्या नावावरून तुमच्या नावावर झालंय का ते बघा. नक्शा कुणाच्या नावाने पास झालाय हे तुम्ही लिहिलेलं नाही. वडिलांच्याच नावाने असेल आणि ते हयात नसतील, तर सूचना देण्याआधी तो गुंता सोडवा.

आणखी एक, तुमच्या आर्किटेक्टने कदाचित सांगितलं नसेल. मध्यप्रदेशात 140 चौरस मीटरपासून पुढच्या प्लॉटला छतावरचं पावसाचं पाणी जिरवण्याची सोय सक्तीची आहे, आणि आमच्याकडून त्यासाठी अनामत घेतली होती. 30 बाय 50 म्हणजे 139.35. तुम्ही केसभर फरकाने सुटलात. तरी करून घ्या, मालमत्ता करात त्या वर्षापुरती 6 टक्के सूट मिळते, आणि नर्मदेचं पाणी इथे सगळीकडे रोज येत नाही.