निवाडा हातात, पैसे अजून लांब

सरकारविरुद्ध लवाद (कोर्टाबाहेर, त्रयस्थ पंचांसमोर चालणारा दावा) जिंकलेल्या कंपनीचे शेअर घ्यावेसे वाटणं साहजिक आहे. फक्त निवाड्याच्या रकमेला शेअरसंख्येने भागून स्वप्नं रंगवू नका. मी सुरुवातीला तेच केलं होतं!

केर्न ही ब्रिटिश तेल कंपनी बघा. डिसेंबर २०२० मध्ये भारताविरुद्ध १.२ अब्ज डॉलरचा निवाडा, वर व्याज आणि खर्च. सरकारने आव्हान दिलं. जुलै २०२१ मध्ये पॅरिसमधल्या सुमारे २० सरकारी मालमत्तांवर टाच आली, तेव्हा कुठे चक्रं फिरली. ज्यावरून हा वाद होता, त्या पूर्वलक्ष्यी कराचा (जुन्या व्यवहारांवर मागाहून लावलेल्या कराचा) कायदा ऑगस्टमध्ये बदलला. फेब्रुवारी २०२२ मध्ये सुमारे ७,९०० कोटी रुपये मिळाले, तेही व्याजावर पाणी सोडून आणि खटले मागे घेऊन.

आत्ता एवढंच तपासा:

- जप्त करण्याजोगं काय आहे? दूतावासाला सहसा हात लागत नाही, व्यापारी मालमत्तेला लागू शकतो.
- रांगेत पुढे कोण? व्हेनेझुएलाच्या मालकीच्या सिटगो या अमेरिकेतल्या तेलशुद्धीकरण कंपनीमागे क्रिस्टॅलेक्स या कॅनेडियन खाण कंपनीसह डझनभर धनको लागले. क्रिस्टॅलेक्सचा निवाडा २०१६ चा!
- खटल्याला पैसा पुरवणाऱ्याचा वाटा किती? तो आधी जातो, भागधारक शेवटी.

न्यूयॉर्क करारातली (परदेशी लवादाचे निवाडे इतर देशांत अमलात आणण्याबाबतचा आंतरराष्ट्रीय करार) कलमं नंतर वाचा. आधी कंपनीच्या वार्षिक अहवालातल्या तळटीपा काढा.