अकरा वर्षांच्या किडेवेडीसाठी पहिला कॅमेरा

ताई, तुमचं म्हणणं थोडक्यात असं: मुलगी अकरा वर्षांची, घर रत्नागिरीजवळ, बाबांच्या मोबाइलवर परसातल्या किड्यांचे फोटो काढते, बजेट २५ हजार. दुकानदार साठपट झूमचा कॅमेरा गळ्यात मारतोय, भाऊ म्हणतो डीएसएलआरच (लेन्स बदलता येणारा मोठा कॅमेरा) घे, आणि तुम्हाला धाकधूक की चार महिन्यांत वस्तू कपाटात जाईल.

ती पक्ष्यांच्या मागे असती तर दुकानदाराचं मी निदान ऐकून घेतलं असतं. पण नाकतोडा हातभर अंतरावर बसलेला असतो, तिथे साठपट झूम काय कामाचा? अशा कॅमेऱ्यांच्या खोक्यावर ‘१ सेंटिमीटर मॅक्रो’ (म्हणजे इतक्या जवळून फोटो) असंही छापलेलं असतं. ते खोटं नाही, पण झूम पूर्ण मागे घेतल्यावरच ते जमतं. लेन्स किड्याला टेकेपर्यंत न्यायची, कॅमेऱ्याची सावली त्याच्यावर पडणार आणि तो उडून जाणार. शिवाय आतला सेन्सर, म्हणजे चित्र टिपणारा भाग, जेमतेम ६ बाय ४.५ मिलिमीटरचा. आजकाल बऱ्याच मोबाइलमध्ये त्याहून मोठा असतो. डीएसएलआरचा साधारण २२ बाय १५, म्हणजे क्षेत्रफळात जवळजवळ बारापट.

दोन-तीन हजारांचे रंगीत ‘किड्स कॅमेरे’ तर बघूच नका. त्यावरचे ४८ मेगापिक्सेल फुगवलेले असतात. पाच वर्षांच्या पोराला खेळायला ठीक, हिला आठवड्यात कंटाळा येईल.

भाऊ बरोबर बोलतोय, फक्त नवा घेऊ नका. कॅननचा १२००डी किंवा १३००डी, नाहीतर निकॉनचा डी३३०० किंवा डी३४००, यांतला एखादा वापरलेला, १८-५५ किट लेन्ससकट (कॅमेऱ्यासोबतच येणारी साधी झूम लेन्स), साधारण १५ ते २० हजारांत मिळायला हवा. जुना म्हणून चित्र वाईट येत नाही. दिवसाउजेडी काढलेल्या फोटोत मला तरी हे आणि आजचे नवे यांत फरक ओळखता येत नाही. आणि जुना असला की तुम्हीही दर वेळी ‘सांभाळ, पडेल’ म्हणणार नाही. मुलांचे कॅमेरे कपाटात जातात ते बहुतेक वेळा त्या धाकानेच.

आता एक गोष्ट, जी सगळे उलटी सांगतात. ‘सोबत ५० एमएम एफ/१.८ (झूम नसलेली, भरपूर उजेड घेणारी लेन्स) घ्या’ हा सल्ला तुम्हाला हमखास मिळेल. माणसांच्या फोटोंसाठी ती लेन्स उत्तम, किड्यांसाठी नाही. कॅननची ५० एमएम ३५ सेंटिमीटरच्या अलीकडे फोकस करत नाही, त्यामुळे चौकटीत कमीत कमी दहा-साडेदहा सेंटिमीटर रुंदीची जागा येते. ज्या किट लेन्सला सगळे नाकं मुरडतात ती २५ सेंटिमीटरपर्यंत जाते आणि झूम पुढे नेऊन ५५ वर ठेवली की चौकट साडेसहा सेंटिमीटरची होते. फुलपाखरू, चतुर, खंडोबाचा घोडा यांना एवढं पुरतं. वर्षभराने मुंग्यांचे डोळे दिसायला हवेत असं ती म्हणू लागली, तर रेनॉक्स डीसीआर-२५० नावाचं भिंग मिळतं. ते लेन्सच्या तोंडावर चिमट्यासारखं बसतं. चौकट निम्म्यापर्यंत येते, तरीही किड्यापासून थोडं लांब राहता येतं. खरी मॅक्रो लेन्स आत्ता नको, बजेटच मोडेल.

लेन्सपेक्षा जास्त फरक उजेडाने पडतो. इतक्या जवळून किड्याचा डोळा फोकसमध्ये असला तर पंख नसतो. म्हणून लेन्सचं उजेड आत घेणारं छिद्र एफ/८ ते एफ/११ इतकं (आकडा मोठा तितकं छिद्र लहान) बारीक करावं लागतं आणि मग झाडाखाली उजेड पुरत नाही. तिला एवढंच शिकवा: ‘एम’ मोड (सगळं हाताने ठरवायचा), एफ/११, शटर १/२०० सेकंद, आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) ४००, वरचा फ्लॅश उघडा. फ्लॅशपुढे बटर पेपर असा लावायचा की तो लेन्सच्या टोकापर्यंत पुढे येईल. नाहीतर लेन्सचीच सावली किड्यावर पडते आणि पाठीवर पांढरे डाग चमकतात. हा कागद कसा वाकवायचा यात ती आठवडाभर रमेल, बघा.

सुरुवातीला तिला न पळणारी मॉडेलं द्या. परसात लिंबाचं झाड असेल तर पानं उलटून बघायला सांगा. आपलं राज्य फुलपाखरू ब्लू मॉर्मन (२०१५ साली घोषित झालं) लिंबाच्या जातीच्या झाडांवरच अंडी घालतं. अळ्या लहान असताना हुबेहूब पक्ष्याच्या शिटेसारख्या दिसतात, त्यामुळे पटकन सापडत नाहीत. चतुर आणि टाचण्या (चतुरासारखेच पण बारीक किडे) टिपायच्या त्या सकाळी लवकर, ऊन चढायच्या आत. गारव्यात त्या सुस्त असतात.

जुना कॅमेरा तपासताना पांढऱ्या भिंतीचा फोटो एफ/१६ वर, फोकस बिघडवून काढा. काळे ठिपके दिसले तर सेन्सरवर धूळ आहे. ती साफ होते. लेन्सचं मात्र नीट बघा. एका बाजूने टॉर्च मारून दुसऱ्या बाजूने पाहा. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर ती बुरशी, लेन्स कितीही स्वस्त असली तरी परत ठेवा. निकॉन घेणार असाल तर आणखी एक अडचण आहे: डी३२०० किंवा त्याआधीच्या बॉडीवर (लेन्सशिवायचा नुसता कॅमेरा) ‘एएफ-पी’ लिहिलेली लेन्स फोकसच करत नाही. आणि डी३००० मालिकेतल्या बॉडीत फोकसची मोटर नसते, म्हणून ‘एएफ-डी’ लेन्स फोकससाठी हाताने फिरवावी लागते. विक्रेते हे आपणहून सांगत नाहीत. मुंबईला जाणं होणार असेल तर फोर्टात बोरा बाजाराच्या आसपास दोन-चार दुकानं फिरून, हाताळून घ्या.

तुमच्याकडच्या पावसाळ्यात बुरशी नव्या लेन्सलाही सोडत नाही. चामड्याच्या किंवा कापडी बॅगेत कॅमेरा ठेवू नका. घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा आणि त्यात निळी सिलिका जेल (ओल शोषणारे खडे), एवढं पुरे. ती गुलाबी झाली की कढईत मंद आचेवर तापवून परत निळी करायची (कढई मात्र स्वयंपाकाची नको).

अजून एक पर्याय, तुमच्या बजेटबाहेरचा. ऑलिंपसचे टफ टीजी-५, टीजी-६ हे छोटे कॅमेरे झूम पुढे नेल्यावरही १ सेंटिमीटरवरून फोकस करतात, आणि १५ मीटर पाण्याखालीही चालतात. मुसळधार पावसात मुलीच्या हातात द्यायला याहून चांगलं काही नाही. आपल्याकडे सहज मिळत नाहीत, दुरुस्तीचीही पंचाईत. पण परदेशातून येणारं कोणी जवळचं असेल आणि आजी-मामा मिळून पैसे घालणार असतील, तर मी डीएसएलआर सोडून हाच घेईन.

कॅमेरा बघायला जाल तेव्हा बॉडीचा मॉडेल नंबर आणि लेन्सवर छापलेलं पूर्ण नाव, मधली अक्षरं न गाळता, मला कळवा. जोडी जमते का ते सांगतो.