कोरियातली नोकरी, एचआयव्ही चाचणी आणि तीन महिन्यांची मुदत

प्रश्न : मी मूळची नाशिकची. सातवीत असताना आई-बाबांबरोबर टोरंटोला गेले, आता कॅनडाची नागरिक आहे. गेल्या वर्षी १ मार्चपासून दक्षिण कोरियात देगू शहरातल्या एका हागवॉनमध्ये, म्हणजे खासगी इंग्रजी क्लासमध्ये, ई-२ व्हिसावर शिकवत होते. यंदा फेब्रुवारीत दुसऱ्या वर्षाचा करार झाला. मग संचालकांनी शेजारच्या क्लिनिकमधून रक्ततपासणी करून आणायला सांगितलं आणि एका कोरियन फॉर्मवर सही घेतली. क्लिनिकमध्ये गेल्यावर कळलं की यादीत एचआयव्ही आणि गर्भधारणेची चाचणी आहे आणि अहवाल थेट क्लासकडे जाणार आहे. मी रक्त न देता परत आले. १४ मार्चला काकाओटॉकवर, म्हणजे तिथल्या व्हॉट्सअ‍ॅपसारख्या अ‍ॅपवर, मेसेज आला, 'उद्यापासून येऊ नका.' २० मार्चला मी कामगार कार्यालयात तक्रार केली, ती चालू आहे. माझ्या खासगीपणाचा भंग झाला, त्याची भरपाई मिळेल का?

उत्तर : तुमचं पत्र मे महिन्याच्या अखेरीस आलं. दोन ओळींचं उत्तर त्याच संध्याकाळी पाठवलं, ते मिळालं असेल आणि त्याप्रमाणे तुम्ही हालचाल केली असेल अशी आशा आहे. इथे सविस्तर लिहितो, कारण अशी पत्रं सोल-बुसानहून येतात, दुबई-मस्कतहूनही येतात. सगळ्यांना रक्ताबद्दल विचारायचं असतं. नोकरी कोणत्या तारखेला गेली, हे मात्र शेवटच्या परिच्छेदात कुठेतरी सापडतं.

तुमच्या प्रकरणात सगळं त्या तारखेवर आहे. कोरियाच्या श्रममानक कायद्याच्या कलम २८ प्रमाणे, अन्यायाने काढून टाकल्याबद्दल दाद मागायची असेल तर काढल्यापासून तीन महिन्यांच्या आत प्रादेशिक श्रमसंबंध आयोगाकडे अर्ज करावा लागतो. १४ मार्चला मेसेज आला, म्हणजे १४ जूनच्या आसपास दार बंद होणार. 'उद्यापासून' असं लिहिलंय म्हणून एक दिवस जास्त मिळतो का, असला हिशेब मांडत बसू नका. आपल्याकडे चार महिने उशीर झाला तरी विलंब माफीचा अर्ज टाकून बघू, अशी सवय लागलेली असते. तिथे ती घेऊन जाऊ नका. मुदत उलटली की आयोग तुमच्या रक्ताच्या अहवालापर्यंत पोचतच नाही, पहिल्याच पानावर अर्ज निकाली निघतो.

तुम्ही म्हणाल, तक्रार तर मी सहा दिवसांत केली. केलीत, पण आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. तुम्ही गेलात ते नोदोंगछॉंग, म्हणजे श्रम मंत्रालयाचं स्थानिक कार्यालय. थकलेला पगार, एक वर्ष पूर्ण झाल्यावर मिळणारी निवृत्तीची रक्कम, नोटिशीचा पगार, हे तिथलं काम. कामावरून काढणं योग्य की अयोग्य, हे ठरवणारं नोदोंग विवॉन्ह्वे हे वेगळं मंडळ आहे, वेगळी इमारत, वेगळा अर्ज. एका ठिकाणच्या तक्रारीने दुसरीकडचं घड्याळ थांबत नाही. देगूत शोधताना आणखी एक घोळ होतो. तिथल्या आयोगाच्या नावात देगू नाही. आजूबाजूच्या प्रांताच्या नावाने तो ग्यॉंगबुक प्रादेशिक आयोग आहे, कचेरी देगूतच आहे. अर्जाला शुल्क नाही. पगार ठरावीक मर्यादेखाली असेल तर आयोग फुकट नोमुसा देतो. नोमुसा म्हणजे परवानाधारक श्रम सल्लागार, आणि हागवॉनच्या बहुतेक शिक्षकांचा पगार त्या मर्यादेत बसतो. माझ्याकडे तिथला परवाना नाही. अर्ज त्याच्याकडून किंवा तिथल्या वकिलाकडूनच तपासून घ्या. पण सुबक अर्ज लिहिण्याच्या नादात आठवडा घालवू नका. मुदतीत साधा अर्ज पडू द्या, पुरावे आणि तपशील मागाहून जोडता येतात.

दुसरं, इतकंच महत्त्वाचं : तुमच्या क्लासमध्ये माणसं किती? काढून टाकण्याला रास्त कारण हवं असं सांगणारं कलम २३, कारण आणि तारीख लेखी कळवा असं सांगणारं कलम २७, आणि आयोगाचं हे कलम २८, तिन्ही फक्त पाच किंवा जास्त कामगार असलेल्या ठिकाणी लागू आहेत. हागवॉनवाल्यांना हे तोंडपाठ असतं. चार शिक्षक पगारपत्रकावर दाखवायचे आणि बाकीच्यांना ३.३ टक्के कर कापून 'फ्रीलान्सर' म्हणायचं, ही नेहमीची युक्ती. कागदावर काय लिहिलंय यापेक्षा वेळापत्रक कोण ठरवतं, सुट्टी कोण देतं, पुस्तक कोण निवडतं, हे बघितलं जातं. म्हणून काउंटरवरची मुलगी, व्हॅनचा ड्रायव्हर, अर्धवेळ कोरियन शिक्षिका, सगळी मोजा. महिन्याची सरासरी धरतात, एका दिवसाची हजेरी नाही. भिंतीवरच्या वेळापत्रकाचा फोटो, स्टाफच्या काकाओ ग्रुपमधली नावं, तुमच्या पगाराच्या स्लिपमधली कपात, एवढं जमवा. ग्रुपमधून अजून काढलं नसेल तर आजच स्क्रीनशॉट घ्या. पाचचा आकडा भरत नसेल तर आयोगाचा रस्ता बंद आहे. तरी तीस दिवसांच्या नोटिशीचा पगार आणि एका वर्षाची निवृत्ती रक्कम लहान क्लासलाही चुकत नाही. त्यासाठी तुमची नोदोंगछॉंगची तक्रार कामाला येईल.

पाच माणसं भरली, तर मात्र तुमची बाजू बरीच भक्कम आहे. काकाओवरच्या एका ओळीत ना कारण आहे, ना सही. कलम २७ लेखी नोटिशीशिवाय काढणं मान्य करत नाही. ईमेलला काही प्रकरणांत न्यायालयांनी चालवून घेतलं आहे, त्यामुळे समोरचा वकील मेसेजही लेखीच आहे म्हणून भांडेल. भांडू द्या. आणि दुसऱ्या वर्षाचा करार झाल्यावर तुम्हाला काढलं, हे सुदैव. पहिलं वर्ष संपताना 'नूतनीकरण करत नाही' म्हणाले असते, तर ते काढणंच नव्हे इथपासून वाद सुरू झाला असता. आयोगाने बाजूने निकाल दिला तर परत रुजू होण्याऐवजी पैसे मागता येतात, आणि २०२१च्या दुरुस्तीनंतर खटला चालू असताना कराराची मुदत संपली तरी भरपाई बुडत नाही. अट एकच, अर्ज करार जिवंत असताना केलेला हवा. निकाल कोणाला पटला नाही तर दहा दिवसांत केंद्रीय आयोगाकडे जायचं, तिथून पंधरा दिवसांत प्रशासकीय न्यायालयात. या मुदतीही तितक्याच काटेकोर आहेत.

आता तुमचा मूळ प्रश्न. एचआयव्ही चाचणी मागायचा त्यांना अधिकार नव्हता. कोरियाचा एड्स प्रतिबंधक कायदा मालकाला कामगाराकडून एचआयव्हीचा अहवाल मागायलाच मनाई करतो आणि निकाल फक्त तपासलेल्या माणसालाच कळवायला सांगतो. अहवाल थेट क्लासला पाठवण्याची सोय करणारं क्लिनिकही त्यात गोत्यात येऊ शकतं. गर्भधारणेच्या चाचणीचा शिकवण्याशी काय संबंध, ते संचालकांनी आयोगासमोर सांगावं. मलाही ऐकायला आवडेल.

'पण परदेशी शिक्षकांना एचआयव्ही चाचणी लागते असं सगळे म्हणतात' असं तुम्ही पत्रात लिहिलंय. लागत होती, आता लागत नाही. २००७च्या ऑक्टोबरमध्ये बाललैंगिक अत्याचाराच्या प्रकरणात एक कॅनेडियन माणूस थायलंडमध्ये पकडला गेला. त्याआधी तो कोरियात शिकवत होता. लोक खवळले, आणि त्याच डिसेंबरपासून ई-२ व्हिसाच्या शिक्षकांना गुन्हेगारी पार्श्वभूमीच्या दाखल्याबरोबर अमली पदार्थांची आणि एचआयव्हीची चाचणी आली. त्या गुन्ह्याचा एचआयव्हीशी संबंध काय, हे कोणी विचारलं नाही. उल्सानच्या सरकारी प्राथमिक शाळेत शिकवणाऱ्या न्यूझीलंडच्या एका शिक्षिकेने ते विचारलं. २००९ साली करार वाढवताना तिने ही चाचणी दुसऱ्यांदा द्यायला नकार दिला. कोरियन शिक्षकांना ती नव्हती, कोरियन वंशाच्या परदेशी शिक्षकांनाही नव्हती. परदेशी शिक्षकांची मूल्यं आणि नीतिमत्ता तपासायचा हा मार्ग समजला जातो, असं उत्तर तिला मिळालं. करार वाढला नाही. मे २०१५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या वंशभेद निर्मूलन समितीने तिच्या बाजूने मत दिलं, जुलै २०१७ मध्ये सक्ती उठली, आणि ऑक्टोबर २०१९ मध्ये सोलच्या न्यायालयाने सरकारला तीन कोटी वॉन द्यायला लावले. दहा वर्षं. तोवर ती कधीच मायदेशी परतली होती. आपल्या न्यायालयांच्या तारखांना नाकं मुरडणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावं.

हे एवढ्यासाठी सांगितलं की खासगीपणाच्या भरपाईचा दावा हा असा लांबचा पल्ला आहे. तो सोडा असं म्हणत नाही. दिवाणी कायद्यात नुकसान आणि ते करणारा कळल्यापासून तीन वर्षं मिळतात, त्यामुळे तो पुढच्या हिवाळ्यातही लावता येईल. जूनमध्ये त्याच्यावर एक दिवसही खर्च करू नका.

राहिला तो कोरियन फॉर्म. वाचता येत नसलेल्या कागदावर सही ठोकून मोकळं होणं, हे कॅनडात वाढलेल्या, पदवीधर बाईने करावं? मोबाइल समोर धरला तर मजकूर भाषांतरित होऊन दिसतो. असो. वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याप्रमाणे आरोग्याची माहिती 'संवेदनशील' प्रकारात मोडते आणि तिच्यासाठी इतर संमतीपासून वेगळी, स्पष्ट संमती लागते. फॉर्ममध्ये सगळं एकाच सहीखाली गुंडाळलं असेल तर ती संमती लंगडी. वेगळा रकाना करून, तिथेही सही घेतली असेल तर जरा अवघड होईल. पण एचआयव्हीचा अहवाल मागायला कायद्यानेच बंदी असताना तुमच्या सहीने ती उठत नाही. 'मालक सांगेल तेव्हा वैद्यकीय तपासणी, नकार दिल्यास सेवा समाप्त' असं कलम करारात आहे, असं तुम्ही कळवलंय. ते हागवॉनच्या बहुतेक करारांत असतं आणि वाचायला भयंकर वाटतं. कायद्याच्या किमान मापापेक्षा खाली जाणारी अट कोरियात तेवढ्यापुरती रद्दच ठरते. फॉर्मची प्रत मागा. देत नसतील तर मागितल्याचा मेसेज जपा.

सगळ्याच तपासण्या नाकारता येतात असा अर्थ मात्र काढू नका. कोरियात आल्यावर परदेशी नागरिक म्हणून नोंदणी करताना ठरवून दिलेल्या रुग्णालयाचा अहवाल लागतो, त्यात अमली पदार्थांची चाचणी असते. ती द्यावीच लागते. कर्मचाऱ्यांची नेहमीची आरोग्य तपासणी करवून घेणंही मालकाचं कर्तव्य आहे. तिचे निकाल कामगाराच्या आरोग्याचं रक्षण सोडून इतर कशासाठी वापरायचे नाहीत, असं औद्योगिक सुरक्षा कायदा सांगतो. आखातातल्या वाचकांनी यातलं काहीही स्वतःला लावून घेऊ नये. अमिरातीत एचआयव्ही आणि क्षयरोगाची चाचणी निवासी व्हिसासाठी सरकारच मागतं, तिथे शाळेशी हुज्जत घालून उपयोग नाही. भारतीय पासपोर्टवर, २०१० पासून लागू असलेल्या भारत-कोरिया करारातून शाळांमध्ये सहायक शिक्षक म्हणून गेलेल्यांचा मालक आणि करार वेगळा असतो. त्यांनी कागद दाखवल्याशिवाय मी काही बोलणार नाही.

व्हिसाचं थोडक्यात. तुम्हाला काढल्याची माहिती मालकाने पंधरा दिवसांत इमिग्रेशनला द्यायची असते, त्यामुळे तुमचं नाव तिथे पोचलं असं धरून चाला. इमिग्रेशनच्या १३४५ या मदतक्रमांकावर फोन करा, इंग्रजी बोलणारं माणूस मिळतं. नोकरी शोधण्यासाठीचा डी-१० तुम्हाला मिळेल की नाही, हे मी इथून सांगू शकत नाही. आयोगातल्या अर्जाची पोच त्यांना दाखवता आली तर बरंच.

आणि पत्राच्या तळाशी तुम्ही सहज लिहिलंय की क्लास 'रिलीज लेटर', म्हणजे दुसरीकडे नोकरी करायला आमची हरकत नाही असं पत्र, द्यायला तयार आहे, फक्त एका कागदावर सही हवी आहे. त्या कागदाच्या डोक्यावर 사직서 सारखी अक्षरं असतील, म्हणजे साजिकसॉ, तर तो राजीनामा आहे. तो दिलात की १४ मार्चचा मेसेज, पाच माणसं, कलम २७, सगळं गेलं. तुम्ही स्वखुशीने गेलात असं होईल. दुसरी नोकरी कितीही जवळ आली असली तरी आयोगाचा शिक्का पडलेली पोच हातात येईपर्यंत कशावरही सही करू नका, आणि नंतरही नोमुसाने तो कागद वाचल्याशिवाय नाही.