'ग्याकुशू' म्हणजे पुनरागमन नव्हे

प्रश्न असा आहे : 'गोजिरा नो ग्याकुशू' या १९५५ सालच्या जपानी चित्रपटाचं नाव मराठीत 'गॉडझिलाचं पुनरागमन' असं करावं का? आणि त्यातल्या 'काइजू'ला 'राक्षस' म्हटलेलं चालेल का?

'पुनरागमन' नको. 'नो' म्हणजे आपला 'चा-ची-चे'. 'ग्याकु' म्हणजे उलट आणि 'शू' म्हणजे हल्ला. परत येण्याचा अर्थ या शब्दात कुठेच नाही, आणि कथेतही नाही. इशिरो होंडा यांच्या मूळ चित्रपटात (३ नोव्हेंबर १९५४) गोजिरा, म्हणजेच गॉडझिला हा समुद्रातून उठलेला महाकाय जीव, टोकियोच्या उपसागरात मरतो. सहा महिन्यांच्या आत, २४ एप्रिल १९५५ला, मोतोयोशी ओदा यांनी दिग्दर्शित केलेला दुसरा भाग आला. त्यात दिसतो तो त्याच जातीचा दुसरा जीव. मेलेला परतलेला नाही, मग पुनरागमन कुणाचं?

आपल्याकडे यासाठी नेमकं क्रियापद आहे : उलटणे. डिवचलेला साप उलटतो, जखमी रानडुक्कर उलटतं. हायड्रोजन बॉम्बच्या चाचण्यांनी समुद्रातून उठवलेला जीव माणसावर चाल करून येतो, हेही उलटणंच. 'प्रतिहल्ला' चुकीचा नाही, पण तो युद्धाच्या बातमीतला शब्द वाटतो. मी 'गोजिरा उलटला' असंच म्हणेन.

आता 'काइजू'. 'काइ' म्हणजे विलक्षण, ज्याचा उलगडा होत नाही असं. 'जू' म्हणजे पशू, श्वापद. आपला राक्षस बोलतो, तप करतो, वर मागतो. त्याला कुळ असतं, हाव असते, म्हणून त्याच्याशी वैर धरता येतं. गोजिराला यातलं काहीच नाही. त्यामुळे 'राक्षस' म्हटलं की मुळात नसलेला दुष्टपणा त्याला चिकटतो. 'अजस्र श्वापद' मला जवळचं वाटतं. (संस्कृतात 'अजस्र' म्हणजे अखंड, न थांबणारं, 'प्रचंड' हा अर्थ मराठीतला. इथे दोन्ही शोभतात.)

दोन्ही चित्रपट लागोपाठ पाहिले तर 'काइजू' या शब्दाचे दोन तुकडे वेगळे झालेले दिसतात. पहिल्यात 'काइ' भारी आहे. टोकियो जळून गेल्यावर जखमींच्या गर्दीत एका लहान मुलासमोर किरणोत्सार मोजायचं यंत्र धरतात, ते टकटकू लागतं, आणि धरणारा नुसती मान हलवतो. त्या क्षणी श्वापद पडद्यावर नसतं, तरी अंगावर काटा येतो. दुसऱ्यात मात्र गोजिराला जोडीदार मिळतो, पाठीवर काटे असलेला आंगिरस. दोघं ओसाकात एकमेकांचे गळे धरतात, ओसाकाचा किल्ला त्यात कोसळतो, आणि या मालिकेत पहिल्यांदाच दोन काइजू आपसात लढतात. हालचाली इतक्या झपाट्याच्या की त्या देहांचं वजनच जाणवत नाही. 'काइ' आटतं, 'जू' उरतं.

तरी त्यातला एक प्रसंग मला फार आवडतो. गोजिरा उजेडाकडे ओढला जातो म्हणून अख्ख्या शहराचे दिवे घालवतात आणि विमानांतून प्रकाशगोळे सोडून त्याला समुद्राकडे वळवू बघतात. तेवढ्यात पळून चाललेल्या कैद्यांच्या गाडीमुळे आग भडकते आणि तो पुन्हा किनाऱ्याकडे वळतो. दहा वर्षांपूर्वी बॉम्बहल्ले सोसलेल्या शहरात अशी काळोखी रात्र दाखवायची, हे पहिल्या भागाच्या तोडीचं आहे.

चित्रप्रकाराला नाव हवं असेल तर 'भयपट', 'युद्धपट' यांच्या चालीवर 'काइजूपट' करावं. संवादात मात्र माणसांच्या तोंडी साधं 'जनावर' घाला. आपल्या खेड्यांत रात्री वाघाचं, सापाचं नाव न घेता 'जनावर आलंय' एवढंच म्हणतात. नाव न घेण्यातली ती भीती 'राक्षस'मध्ये नाही.