आकडा कुठून आला, ते आधी सांग

पोरी,

पीई पॉवर, म्हणजे अमेरिकेतल्या इंजिनिअर परवान्याच्या परीक्षेबद्दल परवा तू विचारलंस, ‘काका, तीन प्रश्नसंच झाले, चौथा घेऊ का?’ नको घेऊस. तू पाठवलेलं मोटरचं गणित मी पाहिलं. ५० अश्वशक्ती, ४६० व्होल्ट, तीन फेज. नेमप्लेटवरचे ६१ अँपिअर घेतलेस, त्याला १२५ टक्के लावलेस, तांब्याची ४ नंबरची वायर काढलीस. उत्तर बरोबर. पण आकडा कुठून आला?

वायरसाठी नेमप्लेट चालत नाही. एनईसीचा, म्हणजे अमेरिकेतल्या वायरिंगच्या कोडचा, तक्ता ४३०.२५० उघड, तिथे ६५ अँपिअर आहेत. त्याचे १२५ टक्के झाले ८१.२५, आणि ७५ अंशांच्या रकान्यात ४ नंबरची वायर ८५ पेलते, म्हणून या वेळी निभावलं. आता हेच १०० अश्वशक्तीला कर. तक्ता १२४ म्हणतो, म्हणजे १५५ अँपिअरची वायर हवी, म्हणजे २/०. नेमप्लेटवर ११५ असतील तर तू १/० वर थांबशील आणि ती १५० चीच. नेमप्लेट लागते ती ओव्हरलोडच्या, म्हणजे जादा भारापासून मोटर वाचवणाऱ्या संरक्षणाच्या, सेटिंगला. एकाच मोटरचे दोन प्रवाह, दोन ठिकाणांहून आलेले. हे ज्याला कळत नाही त्याने चाळीस प्रश्नसंच सोडवले तरी काय उपयोग?

पर युनिटमध्ये, म्हणजे सगळे आकडे एका पायाच्या पटीत मांडायच्या पद्धतीत, तू पक्की आहेस, इथल्या बऱ्याच मुलांपेक्षा पक्की. तरी तिथेही लिही. १५०० केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर, ४८० व्होल्ट, ५.७५ टक्के इम्पिडन्स: पूर्ण भाराचा प्रवाह १८०४ भागिले ०.०५७५, म्हणजे शॉर्टसर्किट झालं तर साधारण ३१,४०० अँपिअर फॉल्ट. हा आकडा कुठून आला? मागची ग्रिड अनंत ताकदीची धरली म्हणून. मग तसं शेजारी लिही ना!

परीक्षेत ८० प्रश्न आणि ८ तास, म्हणजे प्रश्नाला सहा मिनिटं. स्वतःचं पुस्तक नेता येत नाही, हँडबुक आणि कोड दोन्ही पडद्यावर. अर्थिंगची वायर २५०.१२२ मध्ये की २५०.६६ मध्ये, हे तिथे बसून शोधायला लागलीस की वेळ गेलाच. कोडची आवृत्ती कोणती ते परीक्षा घेणाऱ्या एनसीईईएसच्या पानावर आजच बघ. फॉर्म, पदवीचं मूल्यांकन वगैरे कटकटी आहेत, त्या होतात.

‘आमच्या कंपनीत परवान्यावाचून अडत नाही,’ असंही म्हणालीस. ह्यूस्टनला राहून हे म्हणतेस? १८ मार्च १९३७ ला तुझ्याच टेक्ससमध्ये न्यू लंडनच्या शाळेखाली वास नसलेला गॅस साचला, ठिणगी पडली, सुमारे तीनशे मुलं आणि शिक्षक गेले. टेक्ससचा इंजिनिअर परवान्याचा कायदा त्याच वर्षीचा. परवान्यासोबत मिळणारा, ड्रॉइंगवर मारायचा शिक्का म्हणजे पगारवाढ नव्हे. खालचा प्रत्येक आकडा कुठून आला हे मला माहीत आहे, असं सही करून सांगणं आहे ते.

व्हिसा, घर, मुलं यांत माझी परीक्षा फार लांबली. तोवर मी रात्री जागून केलेली ड्रॉइंग्ज दुसऱ्याच्या शिक्क्याने बाहेर जायची. त्याची खंत आजही आहे. म्हणून तुझ्यावर चिडतो; तुझ्या हातात वेळ आहे. पुढे शिक्का मिळाल्यावर मी आकड्याचा उगम न लिहिलेलं ड्रॉइंग परत पाठवायचो. लोक हेकट म्हणाले, एका साहेबांनी ‘सगळीकडे चालतं’ म्हणून सुनावलं. मी सही केली नाही. आजही करणार नाही, आणि त्यात माझं काही चुकलं असं मला वाटत नाही.

रविवारपर्यंत मोटरची दहा गणितं पाठव. प्रत्येक आकड्याच्या डाव्या बाजूला तक्ता किंवा कलम लिहिलेलं हवं. नुसती उत्तरं आली तर मी तपासणार नाही. आणि जेवत जा वेळेवर, आईचा फोन आला होता.

— काका