चाकावरचा मासा अर्धाच का दिसतो?

प्रश्न : आमच्या वाड्यावरची मुलं दिवाळीत सायकलींच्या चाकांत एलईडीची पट्टी लावून चित्रं दाखवणार आहेत. मोठ्या रस्त्यावर ठीक दिसतं, पण गल्लीत वेग कमी झाला की मासा अर्धाच दिसतो, कधी उलटाही होतो. शिवाय नुसतं मिरवण्याऐवजी एखादा खेळ हवाय. काय करावं?
– एक वाचक, खोर्ली, म्हापसा

उत्तर : अर्धा मासा हा वेगाचा प्रश्न. सव्वीस इंची चाकाचा घेर साधारण 2 मीटर, म्हणजे ताशी 15 किलोमीटरनेही ते सेकंदाला दोनदाच फिरतं. चित्र अखंड भासायला तीच जागा सेकंदाला निदान दहा-बारा वेळा उजळायला हवी. तेव्हा एकीऐवजी चार पट्ट्या सारख्या अंतरावर लावा. तरी थोडं लुकलुकेल. मला ते आवडतं, मासा पोहतोय असं वाटतं! बारीक नक्षी मात्र नको, ठळक आकार घ्या.

उलटण्याचं कारण बहुधा फोर्कवरच्या, म्हणजे चाक धरणाऱ्या दुहेरी दांड्यावरच्या, चुंबकापाशी सापडेल. पट्टीतला सेन्सर दर फेऱ्याला त्याच्यासमोरून जातो, त्यावरूनच पट्टीला चित्राची वरची बाजू कळते. चुंबक सरकलं की चित्रही कलंडतं. ते झिप-टायने आवळा, मध्ये दोन-चार मिलिमीटर फट ठेवा आणि चाक हाताने गरागरा फिरवून बघा. बॅटरी हबला, म्हणजे चाकाच्या मधल्या भागाला, लागून बांधा. टायरकडे बांधली तर चाक हेलकावे खातं. आपल्याकडच्या खाऱ्या हवेत सोल्डरचे सांधे लवकर गंजतात, त्यांवर ग्लू गनचा थर द्या.

आता खेळ. 2007 साली लंडनच्या बार्बिकन या कलाकेंद्रात ‘ब्लास्ट थिअरी’ या कलावंतांच्या गटाने ‘रायडर स्पोक’ केला. रात्री सायकलवरून फिरताना हँडलवरचं यंत्र एक प्रश्न विचारी. स्वाराने आडोशाची जागा शोधून तिथे उत्तर बोलून ठेवायचं. दुसऱ्याला ते त्याच जागी पोचल्यावर ऐकू येई. चाकावरच्या चित्रापेक्षा मला हे मोलाचं वाटतं, कारण त्यात थांबावं लागतं, आपलाच वाडा नीट बघावा लागतो. तुम्हाला यंत्राची गरज नाही. ज्या घरांची हरकत नसेल, त्यांच्या आकाशकंदिलाखाली एकेक प्रश्न लटकवा : ‘या अंगणात पूर्वी काय होतं?’ मुलांनी उतरून घरच्या आजी-आजोबांना विचारावं, उत्तराची चिठ्ठी तिथेच बांधावी, पुढच्याने ती वाचून आणखी काही विचारावं. इथे हळू सायकल चालवणाराच जिंकेल असे गुण ठेवा.

पुढे पांढरा आणि मागे लाल दिवा मात्र प्रत्येक सायकलला हवाच. चाकातला उजेड बाजूने दिसतो, समोरून किंवा मागून येणाऱ्या गाडीवाल्याला जवळजवळ नाहीच.