चिमूर लोकसभा मतदारसंघ कधी बंद झाला? तिथून कोण निवडून आले होते?

2004 ची निवडणूक ही जुन्या चिमूरची शेवटची. 2008 च्या पुनर्रचनेत तो मोडला आणि 2009 पासून गडचिरोली-चिमूर हा अनुसूचित जमातींसाठी राखीव मतदारसंघ आला. जुना चिमूर खुला होता, त्यामुळे दोन्हींचे आकडे एका तक्त्यात जोडून तुलना करणं चूक.

1977 च्या काँग्रेसविरोधी लाटेतही इथे काँग्रेसचे कृष्णराव ठाकूर टिकले. 1980 आणि 1984 ला विलास मुत्तेमवार. 1989 ला भाजपचे महादेवराव शिवणकर आले, 1991 ला पुन्हा मुत्तेमवार. नागपूरकरांना ते नागपूरचेच खासदार म्हणून आठवतात, पण तो डाव 1998 पासूनचा. आधीची सगळी वर्षं चिमूरची.

1996 ला भाजपचे नामदेव दिवठे. खरी गंमत 1998 ची: काँग्रेसशी आघाडी करून रिपब्लिकन पक्षाचे चार खासदार महाराष्ट्रातून गेले, त्यातले जोगेंद्र कवाडे चिमूरचे. पुढच्याच वर्षी, 1999 ला, दिवठे परतले. 2004 ला परत शिवणकर.

निकाल शोधताना एक घोळ हमखास होतो. चिमूर नावाचा विधानसभा मतदारसंघ आजही आहे, त्याचेच आकडे हाती लागतात. निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर 'लोकसभा' निवडून 2004 किंवा त्याआधीचा सांख्यिकी अहवाल उघडा, महाराष्ट्राच्या यादीत चिमूर सापडेल. 2009 च्या अहवालात ते नाव एकटं दिसणार नाही.